क्लबच्या रायफलीला घरगुती चीक पीस: कोल्हापुरातलं एक प्रकरण

मुलगी अकरावीतली. उजव्या हाताची, १० मीटर एअर रायफल खेळणारी. स्वतःची रायफल नाही. क्लबची एक जुनी, जर्मन बनावटीची, लाकडी स्टॉकची (दस्त्याची) रायफल आहे. तीच सकाळच्या बॅचला दुसरी एक मुलगी वापरते आणि संध्याकाळी ही. आमच्याकडे हे नेहमीचंच. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हापासून कोल्हापुरात रायफल हातात घ्यायला येणाऱ्या मुलींची रांग आहे. २०२४ ला राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि ती रांग आणखी लांबली. रायफली मात्र त्या वेगानं वाढत नाहीत. त्यामुळे एकाच्या मापाची रायफल दुसऱ्याच्या गालाला लावायचं, म्हणजे चीक पीस (स्टॉकवरची गाल टेकायची फळी) जुळवायचं काम क्लबात सतत चालू असतं, आणि ते बऱ्याचदा माझ्याकडे येतं.

तक्रार अशी होती. पहिल्या दोन-तीन सिरीज (दहा-दहा शॉटच्या फेऱ्या) उत्तम जायच्या. चौथीपासून शॉट खाली डावीकडे उतरायला लागायचे, आणि शेवटच्या सिरीजपर्यंत सगळा घोळका घड्याळातल्या सातच्या आकड्याकडे सरकलेला असायचा. १० मीटरला हे परवडत नाही. टार्गेटच्या मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, आणि शॉट मध्यापासून अडीच मिलिमीटर सरकला की एक पूर्ण गुण गेला. साठ शॉट, पंच्याहत्तर मिनिटं, दशांशात मोजणी. शेवटच्या वीस शॉटमध्ये प्रत्येकी अर्धा गुण सांडला तरी दहा गुण जातात, आणि तेवढ्यावर माणूस यादीत कुठल्या कुठे जातो.

आधी सगळ्यांनी ट्रिगरला धरलं. उजव्या हाताचा नेमबाज, शॉट खाली डावीकडे, म्हणजे बोट ओढतंय, असं सरळ गणित. तिच्याकडून रोज भिंतीसमोर कोरडा सराव, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा सराव, करून घेतला गेला. फरक शून्य. पडायचा नव्हताच, कारण बोटाचा दोष असता तर तो पहिल्या सिरीजपासून कुठे ना कुठे दिसला असता. वेळ जाईल तसा वाढत जाणारा दोष बहुतेक वेळा थकणाऱ्या स्नायूचा असतो. प्रश्न एवढाच, कुठला स्नायू?

ते तिनंच सांगितलं. पाणी पिताना मान चोळत म्हणाली, "सर, शेवटाला मान लई भरून येतीया."

मग तिला कागद-पेन्सिल दिली आणि साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या छिद्रातून, काय दिसतं ते काढायला सांगितलं. ही युक्ती कुणीही वापरावी, पैसे लागत नाहीत. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पाहिलं की पुढच्या साइटची नळी गोलात गोल अशी दिसायला हवी, आणि दोन्ही गोलांच्या मध्ये उजेडाची कडा सगळीकडून सारखी. तिनं काढलेल्या चित्रात ही कडा वर उजवीकडे जाड होती आणि खाली डावीकडे जवळजवळ संपलेली. चांगली चंद्रकोरच. मी विचारलं, "असं नेहमीच दिसतं?" तर म्हणे, "न्हाई सर, सुरुवातीला मी मान अशी करून गोल करून घेतीया." आणि 'अशी' म्हणताना तिनं हनुवटी उचलून डोकं स्टॉकवरून पलीकडे कलवून दाखवलं.

इथे प्रकरण उलगडलं. डोळा साइटच्या रेषेच्या खाली असेल तर पुढची नळी छिद्रात खाली बसलेली दिसते. डोळा रेषेच्या डावीकडे असेल तर ती डावीकडे दिसते. म्हणजे तिचा डोळा नैसर्गिकपणे खाली आणि डावीकडे येत होता आणि ती मानेच्या जोरावर त्याला जागेवर नेत होती. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं. ते तासभर तिरकं धरून ठेवायचं म्हटलं की मान कधीतरी सोडणारच. मान सैल पडली की डोळा परत खाली डावीकडे. मागचं छिद्र बारीक असल्यामुळे चूक बरीच दाबली जाते, सगळी टार्गेटवर उतरत नाही. पण डोळा ज्या बाजूला घसरेल त्याच बाजूला शॉट थोडाथोडा घसरतो. अडीच मिलिमीटरच्या हिशेबात तो थोडासाही पुष्कळ होतो. शिवाय डोकं कलंडलं की तोल राखणाऱ्या कानातल्या यंत्रणेलाही त्याची किंमत मोजावी लागते. उभं राहून नेम धरणाऱ्याला तर जास्तच.

आता रायफलीकडे. ही रायफल आधी एका उंच, लांबट चेहऱ्याच्या मुलाच्या मापाला लावलेली होती. हिचा चेहरा रुंद, गालाची हाडं बाजूला आलेली, आणि गालाच्या हाडाखालपासून बाहुलीपर्यंतचं अंतर कमी. मूळ चीक पीस दोन पोलादी दांड्यांवर वर-खाली होणारा. पण त्याच्या आवळायच्या स्क्रूचे आटे गेलेले, त्यामुळे वर चढवला तरी गालाच्या दाबानं हळूहळू खाली बसायचा. आणि आत-बाहेर करायची सोय त्या जुन्या मॉडेलला नव्हतीच.

मूळ सुटा भाग बाहेरून मागवायचा म्हणजे पैसे आणि महिने, दोन्ही. राज्य स्पर्धा तोंडावर. क्लबची अट अशी की लाकडाला नवं भोक पाडायचं नाही आणि मूळ भाग कापायचा नाही. अट योग्यच होती. रायफल उद्या तिसऱ्याच मुलाकडे जाणार.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? स्टॉकला फोम गुंडाळतात, वरून पट्टा आवळतात आणि काम झालं म्हणतात. पक्षी मारायच्या एअर गनला किंवा दुर्बीण लावलेल्या रायफलीला, जिथे फक्त उंची वाढवायची असते, तिथे ते चालूनही जातं. इथे ते उलटं पडलं असतं. फोम गुंडाळला की उंचीबरोबर बाजूची जाडीही वाढते. उजव्या हाताच्या नेमबाजाचा गाल स्टॉकच्या डाव्या अंगाला असतो. जाडी वाढली की चेहरा आणखी डावीकडे ढकलला जातो. हिला हवं होतं वर वाढवायचं आणि बाजूनं कमी करायचं. घरगुती चीक पीस बनवणाऱ्यांपैकी जाडीचा विचार करणारे मला फार थोडे भेटलेत. सगळ्यांचं लक्ष उंचीवर, कारण उंची डोळ्याला लगेच जाणवते. आडवी चूक मान गुपचूप भरून काढते आणि बिल चौथ्या सिरीजला येतं.

माप घेण्याआधी हवेचा सिलिंडर काढून कपाटात ठेवला, रायफलीच्या नळीत सेफ्टी फ्लॅग (ती रिकामी असल्याची खूण) घातला. रायफलीवर काम चालू असताना हे दोन्ही झालेलं असलंच पाहिजे, मग ती रिकामी आहे हे दहा जणांनी सांगितलेलं असो. त्यानंतर बट प्लेट, म्हणजे स्टॉकचा खांद्याला टेकणारा मागचा भाग. चीक पीसच्या आधी बट प्लेट ठरवायची, हा क्रम मोडू नये. बट प्लेट खाली घेतली की रायफल खांद्यावर वर येते, वर घेतली की खाली जाते; म्हणजे डोकं किती वाकवायचं ते मुळात तिथे ठरतं. हिची बट प्लेट थोडी खाली घेतली, तेव्हा मान पुष्कळ सरळ झाली. उरलं ते चीक पीसचं काम.

मूळ चीक पीस सोडवला आणि दोन्ही दांड्यांवर प्लायची पातळ पट्टी चिकटपट्टीनं बांधली. पट्टीच्या वर आणि बाजूला जाडी चढवायला घेतल्या जुन्या लग्नपत्रिका. थट्टा नाही, याहून सोयीची वस्तू मला सापडलेली नाही. कोल्हापुरात कुठल्याही घरात एका पिशवीभर निघतात, पुठ्ठा कडक असतो, दबत नाही, आणि एक-एक काढता-घालता येतो. मुलीनं डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, डोकं सरळ ठेवून नुसतं खाली सोडायचं, गालाचं वजन पट्टीवर पडू द्यायचं, दोन श्वास घ्यायचे आणि मग डोळे उघडायचे. उघडल्याक्षणी जे दिसेल ते खरं. त्यानंतर केलेली प्रत्येक दुरुस्ती मान करते, म्हणून ती मोजायची नाही. चंद्रकोर कुठल्या बाजूला आहे ते ती सांगायची, मी पत्रिका काढायचो किंवा घालायचो. तिची मैत्रीण समोरून मोबाइलवर फोटो काढत होती, डोकं कलतंय का ते पाहायला. थकवा आला की माप खोटं येतं, म्हणून अधूनमधून थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या मानेनं पुन्हा तेच करून ताडून घ्यायचं.

शेवटी व्हर्नियर लावला. मूळ चीक पीस बसून जिथे थांबायचा त्यापेक्षा ९ मिलिमीटर उंच आणि बाजूनं ७ मिलिमीटर पातळ. सात मिलिमीटर हे माप पाहून मुलीच्या वडिलांचा विश्वास बसेना. "एवढं डोकं वाकडं करत हुती व्हय ही?"

वडिलांच्या ओळखीतल्या सुतारानं सागवानाचा एक तुकडा दिला. लाकूड का, तर एकदा माप ठरल्यावर ते तसंच राहायला हवं. आकार मुद्दाम साधा ठेवला. वरची कड नळीला समांतर, गालाच्या बाजूला हलका उतार, कडा गोल. कुणीतरी सुचवलं होतं की शाडूच्या मातीत तिच्या गालाचा ठसा घ्या आणि हुबेहूब तसंच कोरा. ऐकायला छान वाटतं. पण ठशात गाल एकाच जागी अडकतो. जॅकेट बदललं, थंडीत आत एक जादा कपडा आला, मुलगी दोन बोटं वाढली, की ठसा चुकीच्या जागी गालाला टोचत राहतो. समांतर कडेचा फायदा असा की डोकं अर्धा इंच पुढे-मागे झालं तरी डोळ्याची उंची बदलत नाही. रंधा, मग कानस, मग पॉलिश पेपर. मागून दांड्यांसाठी दोन भोकं. ती मूळ भागाच्या मापानं अचूक पडली पाहिजेत, नाहीतर सगळं तिरकं बसतं. ती सुतारानं त्याच्या ड्रिलच्या स्टँडवर पाडली.

मूळ दुखणं, म्हणजे खाली बसण्याचं, त्यावर उपाय उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, झाला. घासून धरणाऱ्या स्क्रूवर भरवसा ठेवण्यापेक्षा दांडीवर कॉलर चढवायच्या असं ठरवलं. ॲल्युमिनियमच्या छोट्या नळ्या, आतून दांडीच्या मापाच्या, हव्या त्या उंचीला कापलेल्या. चीक पीस त्या कॉलरवर टेकतो, त्यामुळे स्क्रू सैल झाला तरी तो खाली जायला जागाच नाही. बारीक फरकासाठी एक मिलिमीटरचे वॉशर. दांड्या आणि मूळ चीक पीस पिशवीत घालून गेलो. रायफल क्लबच्या कपाटाबाहेर काढायचं कारणच नव्हतं. लेथवाले ओळखीचे, तरी 'रायफल' शब्द ऐकून हात आखडले. "काय ओ सर, परवाना-बिरवान्याचं लचांड न्हाई न्हवं?" म्हटलं, नळीशी संबंध नाही, गाल टेकायची फळी आहे. "मग हुतंय की. चा सांगा." कॉलर तयार होईपर्यंत चहा गार झाला नव्हता. टोकं आतून-बाहेरून फाइलनं मारून दिली, ती मात्र मागून घ्यावी लागली. ॲल्युमिनियमची बारीक कूस राहिली तर कॉलर दांडीवर अडकते.

वरचं आवरण काय असावं यावर आमच्यात दोन मतं होती, म्हणून दोन्ही करून पाहिलं. चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानातून ईव्हीए फोमचं शीट आणलं, लाकडावर लावलं, वर चामडं. हाताला सुरेख लागायचं. मुलीलाही आवडलं. पण पूर्ण सामन्याएवढा सराव झाल्यावर पाहिलं तर गालाखालची जागा दबलेली आणि उजेडाची कडा पुन्हा वर जाड व्हायला लागलेली. रात्रभरात फोम फुगून परत पूर्ववत! म्हणजे दोष रोज नव्यानं तयार होणार आणि सकाळी तपासलं तर दिसणार नाही. फोम खरवडून काढला. गालाला मऊ वाटणं आणि डोळा जागेवर राहणं यांत निवडायचं तर दुसरं. एअर रायफलीला गालावर आदळण्याइतका धक्का नसतोच, मग गादी कशाला?

चामड्याचं काम चप्पल बनवणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे दिलं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी आपला कोल्हापुरी चपलेच्या तळाचं, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं जाड चामडं डोक्यात धरून गेलेलो. टिकाऊ, आपल्या गावचं. मामांनी तो तुकडा बाजूलाच ठेवला. "पायताणाला आन् गालाला एक चामडं चालत न्हाई, सर. ह्ये घाम पिऊन कडक हुतंय." त्यांनी अस्तराला वापरतात ते बकऱ्याचं पातळ चामडं काढलं आणि त्याची खरबरीत बाजू वर घ्यायला सांगितली. गुळगुळीत बाजू घामानं गालाला चिकटते आणि डोकं उचलताना कातडी ओढली जाते. लाकडाच्या आकारावर चामडं पसरून पेन्सिलीनं खूण केली. मग पाटावर ठेवून कडेला रापी आडवी धरली आणि एका सरळ ओढीत काठ इतका पातळ केला की उजेडाला धरला तर पलीकडचं बोट दिसावं. हे काठ पातळ करणं महत्त्वाचं. नाहीतर दुमडीच्या जागी चामड्याचा दुहेरी थर येतो आणि ती गाठ नेमकी जबड्याला लागते. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून, मगच चिकटवलं आणि हातोडीच्या गोल तोंडानं मधून कडेकडे ठोकत नेलं. एकही सुरकुती नाही. पैसे विचारले तर मामांनी मुलीकडे बघून विचारलं, "मॅच कधी हाय?" आणि पैशांचा विषय तिथेच राहिला. बाकी सगळा खर्च हजाराच्या आत.

बसवल्यावर साइट नव्यानं जुळवावी लागली, कारण डोळ्याची जागा बदलली की शॉटचीही बदलते. आता शॉट वर उजवीकडे पडत होते, म्हणजे अपेक्षेप्रमाणे. क्लिक फिरवून मध्यावर आणले.

गुण लगेच वाढले नाहीत. सुरुवातीला तर घसरले. तिच्या शरीराला मान कलवायची सवय झाली होती, आणि गाल टेकल्यावरही ती सवयीनं डोकं पलीकडे न्यायची. आता चंद्रकोर डावीकडे दिसायची. ते सुटायला वेळ लागला. सराव एकच: डोळे मिटून रायफल लावायची, उघडायचे, पाहायचं, शॉट न मारता खाली ठेवायची. कंटाळवाणा आहे. पण हळूहळू शेवटच्या सिरीजचा घोळका पहिल्या सिरीजच्या घोळक्यावर पडायला लागला, आणि आमची मूळ तक्रार तीच होती. सरासरी त्यानंतर वर सरकली. मान भरून येणं थांबलं. पाठीचं थोडं कुरबुरणं आहे, त्याचा संबंध मला तिच्या उभं राहण्याशी वाटतो, चीक पीसशी नाही.

स्पर्धेच्या साहित्य तपासणीची वडिलांना धास्ती होती. घरी बनवलेला भाग चालेल का? चालतो, मापात असेल तर. एअर रायफलीचं वजन साइटसकट साडेपाच किलोच्या आत हवं, स्टॉकच्या मापांना मर्यादा असतात, आणि चीक पीस मध्यरेषेपासून किती बाहेर यावा यालाही. आपण जाडी कमीच केली होती, त्यामुळे त्या बाजूनं प्रश्न नव्हता. सागवानामुळे वजन थोडं वाढलं आणि तोल किंचित मागे गेला, पण एकूण वजनात भरपूर जागा होती. तपासणाऱ्यांनी गेज लावला, चामड्यावरून बोट फिरवलं, पुढच्याला बोलावलं. स्पर्धेला जाणाऱ्यांना एकच सांगेन: असा भाग आयत्या वेळी बसवून नेऊ नका, आधी जिल्ह्याच्या सामन्यात तपासून घ्या.

सकाळच्या बॅचच्या मुलीचं काय, हा प्रश्न राहिला होता. तिचा चेहरा वेगळा, तिला मूळ जाडी बरोबर होती, फक्त उंची हवी होती. तिच्यासाठी मूळ चीक पीस तसाच ठेवून वेगळ्या उंचीच्या कॉलर करून घेतल्या. आता कपाटात दोन डब्या आहेत, दोघींची नावं घातलेल्या. बॅच बदलली की दोन स्क्रू सोडवायचे, आपला चीक पीस आणि आपल्या कॉलर चढवायच्या. मोठे खेळाडू थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन स्थितींच्या प्रकारात) एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना चीक पीस बदलतात किंवा सरकवतात ते हेच, फक्त त्यांचं खुणांच्या आकड्यांवर चालतं.

पावसाळ्यात चामड्याची खालची कड एका जागी सुटली. मामांनी पुन्हा चिकटवून दिली आणि खालून दोन टाके मारले. मुलगी अजून वाढतेय, त्यामुळे सहामाहीला पत्रिकांचा कार्यक्रम पुन्हा करायचा ठरलंय. गेल्या खेपेला एक वॉशर काढावा लागला.